जालन्याच्या जिनातल्या बाया

१९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग पुरा झाला आणि जालना आगगाडीच्या वाटेवर आले. निजामाच्या राज्यातल्या या मार्गाचे नाव होते हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. तोपर्यंत या भागातला कापूस बैलगाड्यांनी कोसन् कोस प्रवास करत होता. सैल भरलेला कापूस जागा फार खातो, पावसाने भिजतो आणि वाटेत धूळ खातो. रेल्वे आल्यावर व्यापाऱ्यांनी हिशेब मांडला. सरकी इथेच काढायची, रुईच्या गाठी इथेच दाबायच्या आणि त्या थेट मुंबईच्या बंदराकडे व गिरण्यांकडे पाठवायच्या. म्हणून रेल्वेपाठोपाठ सरकी काढणारे जिनिंगचे, म्हणजे ‘जिन’, आणि गाठी दाबणारे प्रेसिंगचे कारखाने आले. एकट्या जालन्यात ९ जिनिंग आणि ५ प्रेस उभ्या राहिल्या. औरंगाबाद आणि कन्नड इथे जिनिंग व तेलगाळणीचे आणखी दोन कारखाने होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. या जुन्या जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये १९०१ साली १,०१६ माणसे कामाला होती, अशी सरकारी नोंद आहे.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही शहरात अभिमानाने सांगितली जाते. हे वैभव सांगताना पेढ्यांची, अडतदारांची आणि बाजारपेठेची आठवण निघते. पण त्या १,०१६ माणसांत बाया होत्या आणि कापूस यंत्रात घालण्याचे मुख्य काम त्यांच्याच हातांनी होत होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मराठवाड्यात यंत्रयुग आले ते या बायांच्या हातून. कायद्याने मात्र त्यांच्याकडे सर्वांत शेवटी पाहिले.

जिनातले काम बायांकडे का गेले, याचे उत्तर यंत्राच्या आधीच्या काळात सापडते. कापसातून सरकी काढणे हे गावोगावी बायांचेच काम होते. दोन रुळांची लाकडी चरकी एका हाताने फिरवायची आणि दुसऱ्या हाताने तिला कापूस भरवायचा. रुई पुढे निघे, सरकी मागे पडे. शेतकऱ्याच्या घरातली बाई हे काम घरच्या कापसासाठी करी, तर भूमिहीन घरातली बाई दुसऱ्याच्या कापसासाठी. मोबदला बहुधा धान्यात किंवा सरकीत मिळे. सरकी जनावरांना खाऊ घालता येई. मजुरी थोडी असली तरी काम घरात होते. चुलीवर भाकरी टाकता टाकता, लेकराला पाजता पाजता ते करता येत असे आणि कधी थांबायचे हे ती बाई स्वतः ठरवत असे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्या काळापासून खानदेश आणि वऱ्हाडात वाफेवर चालणाऱ्या जिनिंगची चढाओढ सुरू झाली. लोहमार्ग उशिरा आल्यामुळे निजामाच्या मराठी मुलखात ही लाट उशिरा पोचली. पण पोचल्यावर तिने घरातली चरकी थोड्याच वर्षांत मोडून टाकली. दिवसभरात बाई हाताने जेवढी रुई काढी, त्याच्या कितीतरी पट रुई यंत्र काढू लागले. घरातले काम गेले आणि तेच काम करायला त्याच बाईला पहाटे भोंग्याच्या आवाजावर जिनात जावे लागले.

ती कोणत्या अवस्थेत तिथे गेली हेही ध्यानात घ्यायला हवे. आगगाडी जालन्यापर्यंत येत होती त्याच काळात, १८९९-१९०० मध्ये, ‘छप्पन्नचा दुष्काळ’ पडला. विक्रम संवत १९५६ वरून लोकांनी त्याला हे नाव दिले. १८९१ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या ८,२८,९७५ होती. १९०१ मध्ये ती ७,२१,४०७ वर आली. दहा वर्षांत एका जिल्ह्यातून लाखाहून अधिक माणसे कमी झाली. काही मेली, काही परागंदा झाली. जनावरे गेली, बियाणे गेले, सावकाराकडची खाती वाढली. दुष्काळी कामांवर बायांनी खडी फोडली होती. रोख मजुरीची ओळख अनेकींना तिथेच झाली. अशा वर्षांनंतर गावाजवळ रोज पैसे देणारे काम निघाले तर कोरडवाहू शेतकऱ्याची, शेतमजुराची किंवा विधवेची पावले तिकडे वळणारच. मालकालाही अशीच माणसे हवी होती. दसरा-दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की कामावर यावीत, उन्हाळा लागला की परत जावीत, आणि पुरुषापेक्षा कमी रोजावर राबावीत.

जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्या उलट्या होत. ढिगाऱ्याभोवती बाया बसत. पाने, काड्या आणि माती वेचून काढत, डागाळलेला कवडी कापूस वेगळा करत. मग पाट्या भरून डोक्यावरून तो यंत्राच्या दालनात नेत. तिथे यंत्रांच्या रांगा होत्या. रोलर जिनचे तत्त्व साधे आहे. चामड्याचा रूळ फिरतो आणि कापसाचे तंतू ओढतो. त्याला लागून एक पाते घट्ट बसवलेले असते, त्याच्या फटीतून सरकी जाऊ शकत नाही. दुसरे पाते वरखाली होत सरकीला ठोसे मारून तंतूपासून सोडवते. हे यंत्र १८४० मध्ये अमेरिकेतल्या फोन्स मॅकार्थी याने काढले. पुढे ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखानदारांनी ते जगभर विकले. मात्र त्याला सतत, सारख्या मापाने कापूस भरवावा लागे. कमी पडला तर रूळ रिकामा फिरून तापे, जास्त पडला तर अडके. ही नजर आणि हा हात बायांकडे होता. यंत्रामागे एक बाई उभी राही किंवा बसे, आणि इंजिन थांबेपर्यंत तिला हलता येत नसे.

पुढे रुई गोळा करून प्रेसकडे नेण्याचे कामही पुष्कळदा बायाच करत. प्रेसवरचे पुरुष ती ३९२ पौंडांच्या घट्ट गाठींत दाबत. दोन्ही खात्यांत घाम गळे, पण रोज वेगळा होता. प्रेसवरच्या पुरुषाला जास्त, जिनातल्या बाईला कमी. निजामी मुलखात मजुरी हाली शिक्का या निजामाच्या चलनात मोजली जाई, आणि गाठींचा भाव मुंबईच्या बाजारात ठरे.

दालनात धुळीचा इतका लोट असे की समोरचे माणूस पुसट दिसे. कापसाची बारीक लव नाकातोंडात जाई, डोळे चुरचुरत, खोकला हंगाम संपेपर्यंत सोबत राही. सर्वांत धोक्याचा होता यंत्रांना फिरवणारा लांब दांडा. यंत्रांच्या रांगेलगत तो जमिनीजवळून अखंड फिरत असे आणि त्यावरून पट्टे प्रत्येक यंत्राकडे जात. खाली पडलेली सरकी किंवा रुई काढायला वाकले, की पदर, लुगड्याचा काठ किंवा मोकळा केस त्यात अडकायला क्षण पुरे. जिनिंगमधल्या अशा अपघातांमुळेच फिरत्या दांड्यांना कुंपण घालण्याचे नियम पुढे कडक होत गेले.

कामाच्या तासांची सर्वांत स्पष्ट नोंद अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडची, खानदेशची आहे. कापूस तोच, यंत्र तेच, बायाही तशाच घरांतल्या. पण खानदेश इंग्रजी अमलात होता, म्हणून तिथे निरीक्षक पोचला. १८८२ मध्ये इंग्लंडहून आलेला मीड-किंग हा कारखाना निरीक्षक मुंबई इलाख्यात फिरला. त्याने लिहून ठेवले की खानदेशच्या जिनांत साध्या दिवसांतसुद्धा इंजिन पहाटे चार-पाचला सुरू होते आणि रात्री सात, आठ किंवा नऊला बंद होते. मध्ये सुट्टी नसते. जेवायला माणसे आळीपाळीने सुटतात. मार्च-एप्रिलच्या गर्दीत तर जिने आणि प्रेस रात्रंदिवस चालतात, संध्याकाळी अर्धा तास काय तो विसावा मिळतो. तीच माणसे सुमारे आठ दिवस अशी राबतात. ती अगदीच थकून पडली म्हणजे दुसरी शोधली जातात. यांत बहुसंख्य बाया होत्या. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे तर इतके तास काम करणारी माणसे मरतात, अशी साक्षही नोंदली गेली.

हे सरकारला ठाऊक होते. तरीही कायद्याने काय केले ते पाहा. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो १०० किंवा त्याहून जास्त माणसांच्या आणि वर्षात किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. जिनिंगसारखे हंगामी कारखाने त्यातून सहज निसटले. शिवाय प्रौढ बायांच्या तासांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. १८९१ च्या दुरुस्तीने बायांना दिवसाला ११ तासांची मर्यादा आणि दीड तासाची विश्रांती मिळाली, पण ती कायद्याच्या कक्षेतल्या कारखान्यांपुरतीच. चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने कक्षेत आले ते १९११ मध्ये, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर तीस वर्षांनी. त्या कायद्याने बायांना रात्रपाळीची बंदी केली आणि त्याच कलमात जिनिंग-प्रेसिंगसाठी पळवाट ठेवली. तिथे पुरेशा जादा बाया ठेवल्या असतील तर रात्रीचे काम चालणार होते. ही सवलत १९२२ मध्ये संपली. १९३४ च्या कायद्याने पुन्हा कारखान्यांचे दोन वर्ग केले. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. जिथे काम सर्वांत जड आणि जिथे बाया सर्वांत जास्त, तिथेच मर्यादा सैल ठेवली गेली.

आणि हे सगळे झाले इंग्रजी मुलखात. जालना निजामाचे. ब्रिटिश हिंदुस्थानचा कारखाना कायदा संस्थानात चालत नव्हता. हैदराबादचा स्वतःचा कारखाना कायदा १३३७ फसलीत, म्हणजे १९२८ च्या सुमारास आला. जालन्यात जिने सुरू होऊन तेव्हा पाव शतक उलटले होते. या काळात जालन्याच्या जिनात उभ्या राहिलेल्या बाईचे तास, तिची सुट्टी आणि अपघातानंतरची भरपाई हे सारे मालकाच्या मर्जीवर होते. तिच्यावर तीन कुलपे पडली होती. ती बाई होती, तिचे काम हंगामी होते आणि तिचे गाव संस्थानात होते.

याच काळातली मुंबईची बाई शेजारी उभी करून पाहिली की फरक कळतो. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांपैकी दर चार-पाच जणांमागे एक बाई असे. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या, रिळांच्या आणि बाबिणींच्या खात्यांत होत्या आणि त्यांच्यावर नायकिणी देखरेख करत. तिथे जुलूम होताच. पण गिरणी वर्षभर चाले, चाळीत शेजार होता आणि बोलणारे कोणी तरी होते. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि जखमी कामगाराला भरपाई या त्यातल्या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सुमारे दहा हजार कामगारांच्या सभेत दोन कामगार बाया भाषणाला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

जालन्याच्या बाईला असे व्यासपीठ मिळणे कठीण होते. ती चार-पाच महिने जिनात असे, उरलेले महिने निंदणी-खुरपणीला. हंगाम संपला की हजेरीपटावरचे नाव पुसले जाई आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुकादमाच्या दारात उभे राहावे लागे. आज तोंड उघडले तर पुढच्या दसऱ्यानंतर काम मिळेल की नाही ही धास्ती होती. त्यात निजामी राज्यात सभा आणि संघटनांवर कडक बंधने होती. तिच्याकडे संघटना नव्हती, याचा अर्थ तिला दुःख नव्हते असा नाही. ते मांडायला जागाच नव्हती.

सर्वांत मोठी किंमत तिच्या लेकरांनी दिली. घरी सांभाळायला कोणी नसले की तान्ह्याला जिनात आणण्यावाचून इलाज नसे. कापसाच्या ढिगाशेजारी, धुळीतच ते झोपे. रडू नये म्हणून अफूची गोळी चाटवण्याची चाल कामकरी वस्त्यांत सर्रास होती. १९२२ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगार बायांची पाहणी करणाऱ्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी ती सविस्तर नोंदवली आहे. आईच्या निर्दयपणातून ही चाल आलेली नव्हती. यंत्र थांबत नव्हते आणि पाळणाघर नव्हते.

१९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये हा कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पण लाभासाठी सहा महिन्यांची नोकरी लागे. चार-पाच महिन्यांच्या हंगामावर जगणारी जिनातली बाई त्यातून बाहेरच राहिली. आणि जालन्याच्या बाईला तर मुंबईचा कायदा मुळातच लागू नव्हता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला. त्याच वर्षी स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा झाला आणि हैदराबाद राज्य भारतात सामावल्यावर तो जालन्यापर्यंत आला. या कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेद काढून टाकला. १८८१ मध्ये पडलेली भेग बुजायला ६७ वर्षे लागली. पन्नासहून जास्त बाया असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. १९७६ मध्ये ही अट तीसवर आली. चालू यंत्राचे दांडे साफ करायला बाईला लावायचे नाही, कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राजवळ बाया-मुलांना ठेवायचे नाही, माणसे आत असताना दारांना कुलूप घालायचे नाही, असे नियम त्यात होते. जिनात जखमी झालेल्या आणि मेलेल्या अनाम माणसांची किंमत या कलमांमागे आहे.

तरीही एक दार बंदच राहिले. १९४८ च्याच कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना वगळले आणि त्यांच्या व्याख्येत कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे नाव स्पष्ट घातले. आजारपणातली मजुरी, औषधोपचार आणि बाळंतपणातला आधार देणारी देशातली सर्वांत मोठी योजना जिनातल्या बाईसाठी नव्हती. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने १६० दिवसांच्या कामाची अट घातली. ती ८० दिवसांवर आली १९८८ मध्ये. तेव्हा कुठे एका हंगामात ही अट पुरी होण्याची शक्यता निर्माण झाली. विम्यातली वगळणूक मात्र २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

दरम्यान जिनही बदलले. २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्यानंतर अनेक जिनिंगमध्ये कापूस वाहून नेणाऱ्या हवेच्या नळ्या आणि आपोआप भरवणारी यंत्रे आली. धूळ कमी झाली, धोका कमी झाला ही चांगली गोष्ट आहे. पण यंत्राला कापूस भरवण्याचे जे काम शंभर वर्षे बायांचे होते, ते यंत्राकडे गेले आणि नवे यंत्र चालवण्याचे शिक्षण बहुधा पुरुषाला मिळाले. घरातली चरकी गेली तेव्हा जे घडले तेच पुन्हा घडले. यंत्र येते तेव्हा बाईचे काम आधी जाते आणि तिला नवे काम सर्वांत शेवटी शिकवले जाते. आज जालना लोखंडी सळया आणि बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाते. बियाण्यांच्या या उद्योगातही संकरित कापसाच्या एकेका फुलाचे परागीकरण हाताने करणाऱ्यांत बायाच जास्त आहेत आणि तेही काम हंगामीच आहे. म्हणजे हा प्रश्न जुन्या जिनांबरोबर संपलेला नाही.

जालना, परतूर, अंबड, भोकरदन या भागांतल्या ज्या घरांतून आजी किंवा पणजी ‘जिनावर’ जात होती, तिथे तिच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. किती वाजता निघायची, रोज किती मिळायचा, लेकरू कुठे ठेवायची, कोणाचा हात गेला. या आठवणी लिहून काढायला हव्यात. जुन्या जिनिंगचे हजेरीपट आणि वह्या रद्दीत जाण्याआधी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी त्या मिळवायला हव्यात. हंगामी म्हणून विम्याबाहेर ठेवलेल्या कामगारांना विम्याच्या आत घेण्याची मागणीही याच जिल्ह्यातून जोरात उठायला हवी. १२० वर्षांपूर्वी जालन्याच्या भरभराटीला ज्यांचे हात लागले, त्यांच्या नातींना आजारपणात आणि बाळंतपणात हक्काचा आधार मिळाला, तरच त्या बायांचे ऋण थोडेफार फिटेल.